कालवडीचे वयात येणे (खिलार)

कालवडीच्या अंडाशयातून पहिले स्त्रीबीज सुटते आणि ती सरासरी 21 दिवसांच्या फेऱ्याने माजावर येऊ लागते, ती अवस्था. साताऱ्यातील माण व सांगलीतील आटपाडी भागातली खिलार कालवड ही अवस्था संकरित कालवडीपेक्षा बरीच उशिरा गाठते. तिचे पहिले वेत साधारणपणे चार वर्षांच्या आसपास धरले जाते.

हा उशीर रक्तातला (वंशाचा) की दावणीतला (चारा-संगोपनाचा), याबद्दल मतभेद आहेत. वशिंडाचे गोवंश युरोपीय गोवंशापेक्षा उशिरा वयात येतात, हे सर्वमान्य आहे. खिलार म्हैसूरकडील हल्लीकर-अमृतमहाल वंशातून आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे पैदाशीसाठी निवड झाली ती खोंडाची चाल, ओढ आणि काटकपणा पाहून. कालवड किती लवकर फळते, हा निकष मागेच राहिला असावा.

तरीही दावणीची बाजू अधिक पटते. लहान वयात अंडाशयातले थोडेसे इस्ट्रोजेनही मेंदूकडून सुटणारे प्रजननाचे संकेत दाबून ठेवते. अंगात चरबी साठू लागली की लेप्टिन या संप्रेरकातून मेंदूला पोषणाची वर्दी मिळते. मग तो दाब सैलावतो, पीयूषिका ग्रंथीतून एलएच या प्रजनन-संप्रेरकाचे स्पंद वाढतात आणि बीजपुटी (स्त्रीबीज धरणारी अंडाशयातली पिशवी) पक्व होते. म्हणून वयापेक्षा वजन मोलाचे. ते प्रौढ गायीच्या वजनाच्या 55 ते 65 टक्के झाले की बहुतेक कालवडी माज दाखवतात.

माणदेशात नेमके हेच वजन उन्हाळ्यात अडते. नुसत्या कडब्यात स्फुरद कमी, आणि हिरवा चारा नसला की 'अ' जीवनसत्त्वही तुटते. टंचाईत बागायती पट्ट्यातून येणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी पोट भरते, पण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर नेते. अशा वेळी खनिज मिश्रण चुकवू नये. जंत आणि गोचिडांनीही वाढ खुंटते.

उशीर म्हणून नोंदला जाणारा काही काळ प्रत्यक्षात हुकलेल्या माजाचा असतो. मुक्या माजात कालवड हंबरत नाही. सकाळी शेण काढताना शेपटीला चिकटलेली काचेसारखी बळसाची (माजातल्या चिकट स्रावाची) तार, एवढीच काय ती खूण. उलट, अंग न भरलेली कालवड पहिल्याच माजाला फळवली तर विताना अडण्याचा धोका वाढतो.

खोंडासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते. ती पैदाशीसाठी राखू नये. खोंडाचे वयात येणेही पोषणावरच अवलंबून असते, आणि वृषणाच्या घेरावरून ते जोखता येते.