ओल वेगळी, दमटपणा वेगळा: कासवाच्या पेटीत नेमकं काय हवं?

पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट बसलं नाही की तळलेले पापड सादळतात. त्यांच्यावर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो. त्याच घरात न्हाणीघरामागच्या भिंतीला ओल येते, हात लावला तर हात गार आणि ओला होतो. सादळलेला पापड आणि ओल आलेली भिंत एकच, असं कोकणात शेंबडं पोरही म्हणणार नाही. पण घरात कासव आलं की शिकलेली माणसंही दोन्हीची गल्लत करतात. मीसुद्धा केली.

आम्ही शिकागोजवळ राहतो. गाव सोडून निघालेल्या शेजाऱ्यांनी जाताना माझ्या मुलीच्या ओंजळीत एक सुल्काटा, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवर राहणारं कासव ठेवलं. सोबत वरून उघडी लाकडी पेटी, एक उष्णतेचा दिवा आणि एक काट्याचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र. “आर्द्रता ८० टक्के ठेवा,” एवढी एकच सूचना. हे कासव मोठेपणी चाळीस-पन्नास किलोचं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओंजळ मागे घ्यायला लावली असती. असो.

ऐंशी टक्के म्हणजे ओलं ठेवायचं, असं धरून मी सकाळ-संध्याकाळ स्प्रेच्या बाटलीने माती चिंब करत राहिले. काटा फवारणीनंतर वर जायचा, चहा होईपर्यंत परत चाळिशीच्या खाली. मग आणखी पाणी. तीन-चार आठवड्यांनी पोर कासवाला धुवायला घेऊन आली आणि म्हणाली, “आई, याच्या पोटावर काहीतरी पांढरं आलंय.” पोटाकडच्या कवचावर दोन ठिकाणी मऊसर, पांढुरके डाग होते, आणि वास येत होता. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डाग खरवडून बघितले, पाठीवरून बोट फिरवलं आणि निदान केलं: खाली भिजतंय, वर वाळतंय. एकाच पेटीत दोन्ही आजार.

म्हणजे काय ते आता उलगडून सांगते.

ओल म्हणजे पाणी, द्रवरूपातलं. ते मातीत असतं आणि कासवाच्या पोटाला चोवीस तास टेकलेलं असतं. त्वचा सतत भिजली की जशी पांढरी पडते आणि बुरशीला वाट मिळते, तसंच कवचाचं होतं. त्यात पेटी गार असेल तर प्रकरण छातीवर जातं. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. नाकाशी बुडबुडे दिसले, तोंड उघडून श्वास घेताना दिसलं, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठायचा.

दमटपणा म्हणजे हवेतली वाफ. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. तिची गरज पाठीला असते. कासवाच्या कवचावरच्या चौकटी केरॅटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच पदार्थाच्या. वाढत्या वयात चौकटीच्या कडेने नवा थर येत असतो. हवा कोरडी असली की तो थर सपाट पसरत नाही आणि एकेक चौकट मोदकासारखी वर येते. याला पिरॅमिडिंग म्हणतात. आलेला उंचवटा पुन्हा बसत नाही, फक्त पुढची वाढ सपाट करता येते.

पूर्वी याचा दोष खुराकातल्या प्रथिनांना देत. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुल्काटाचीच पन्नास पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांचे उंचवटे दमट हवेतल्यांपेक्षा बरेच मोठे निघाले, प्रथिनांचा परिणाम किरकोळ. त्यानंतर पाळणाऱ्यांच्या जगात पाण्याच्या बाटल्या निघाल्या त्या निघाल्याच. आणि तिथेच माझ्यासारख्यांची फसगत झाली, कारण त्या प्रयोगात हवा दमट होती. चिखल नव्हता.

“पण सुल्काटा सहाराच्या कडेचं ना? वाळवंटी प्राण्याला दमटपणा कशाला?” हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. ते कासव वाळवंटाच्या कडेला राहतं, पण दुपारी उन्हात बसत नाही. जमिनीत काही मीटर लांब बीळ खणून आत जातं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि पुष्कळ दमट असते, आणि जमीन पायाला कोरडी लागते. दमट हवा आणि कोरडी जमीन एकत्र असू शकतात, हे त्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

आता काट्याचं कोडं. इतकं पाणी मारूनही आकडा खाली का? हायग्रोमीटर दाखवतं ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते तिच्या किती टक्के आहे ते. ऊन हवेत वाफ जास्त मावते. बाहेर शून्य अंश असताना वाफेने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन हीटिंगने २२ अंशांवर गेली की तिच्यात १९ ग्रॅम मावतात. पाणी तेवढंच, आकडा १०० वरून २५ वर. शिकागोत जानेवारीत ओठ फुटतात ते यामुळेच. पेटीत हाच खेळ छोट्या प्रमाणात चालतो. गार कोपऱ्यात २७ अंशांना ८० टक्के असलेली हवा दिव्याखाली ३६ अंशांवर गेली की पन्नासच्या आसपास उतरते, वाफेचा एक कणही न गमावता. म्हणून हायग्रोमीटर दिव्याखाली ठेवून घाबरायचं नाही आणि पाण्याच्या वाटीशेजारी ठेवून खूश व्हायचं नाही. कासव झोपतं तिथे, त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवायचं.

माझ्या उघड्या पेटीत मात्र वाफ खरोखरच पळत होती. दिव्याने तापलेली हवा वर जायची आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा यायची. मी मातीत ओतलेलं पाणी अख्ख्या दिवाणखान्याला पुरवत होते. हॉलमधली कुंडीतली तुळस त्या हिवाळ्यात जरा बरी होती, ती का, ते नंतर कळलं.

शिवाय ते काट्याचं हायग्रोमीटर. एके रात्री ते तपासलं. सोड्याच्या बाटलीच्या बुचात साधं मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. मीठ विरघळू द्यायचं नाही. बूच आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून ओट्यावर ठेवलं. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी काटा ५८ वर होता. सतरा टक्क्यांची चूक! दुसऱ्या दिवशी डिजिटल आणलं, तेही त्याच पिशवीत रात्रभर ठेवलं. ७४ दाखवलं. तेवढं चालतं.

बदल फार केले नाहीत. पेटीवर पॉलीकार्बोनेटचं झाकण आलं, कोपऱ्यात चार बोटं फट ठेवून; पूर्ण बंद केलं तर हवा कोंदट होते आणि बुरशी धरते. कोकोपीट आणि साधी माती यांचा थर वीतभर केला. पाणी आता वरून फवारत नाही, चार कोपऱ्यांत कोमट पाणी तळापर्यंत ओतते. तळ ओलसर राहतो आणि वाफ सोडत राहतो, वरचं दोन बोटं कोकोपीट भुरभुरीत. रात्रीही पेटी २६ अंशांच्या खाली जाऊ देत नाही, कारण सुल्काटाला दमट आणि गार हे मिश्रण सोसत नाही. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवणं चालूच आहे, पण ते पाणी पिण्यासाठी. आंघोळ घातली म्हणून हवा दमट होत नाही.

ऐंशी हा आकडा सगळ्या कासवांना लावू नका. दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या कासवाला तो मोठेपणीही हवा. भूमध्य समुद्राकाठच्या हर्मन कासवाचं प्रौढपणी बऱ्याच कमीवर भागतं. आणि भारतात हे वाचून कोणी घरातल्या तारका कासवासाठी पेटी बनवायला घेत असेल तर थांबा. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते कितीही शुभ मानलेलं असो. त्यासाठी वनखात्याला कळवायचं.

उन्हाळ्याआधी आई रत्नागिरीहून आली. पेटीत हात घालून म्हणाली, “अगं, ही माती तर कोरडी ठणठणीत. दमट कुठे आहे?” मी काही बोलायच्या आत तिने तळलेली कुरडई बशीत घालून कासवाच्या आवाक्याबाहेर, झाकणाखालच्या फळीवर ठेवली. तासाभराने काढून मोडायला गेली तर कुरडई कट् झालीच नाही, वाकली. बशीचा तळ तिने पदराला पुसून बघितला. पदर कोरडा होता.

“सादळली,” ती म्हणाली, आणि उरलेल्या कुरडयांच्या डब्याचं झाकण घट्ट लावून आली.