डॉक्टरेट पदवीमागील प्रेरणा

डॉक्टरेट पदवीमागील प्रेरणा : पदव्युत्तर शिक्षणानंतर आणखी तीन ते सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, एकाच प्रश्नाच्या अभ्यासाला देण्याचा निर्णय विद्यार्थी ज्या कारणांनी घेतात ती कारणे. पदवीची मराठी संज्ञा ‘विद्यावाचस्पती’ अशी असली, तरी ‘पीएच.डी.’ हेच रूप रुळले आहे. युनेस्कोच्या २०११ च्या शिक्षणवर्गीकरणात ही पातळी आठवी, म्हणजे सर्वांत वरची आहे.

‘डॉक्टर’ हा शब्द ‘शिकवणे’ या अर्थाच्या ‘दोकेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला. पॅरिस व बोलोन्या येथे साधारणतः बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पदवी आकाराला आली असावी. तिचे मूळ अध्यापनाच्या परवान्यात आहे. पात्र व्यक्तीला परवाना नाकारू नये आणि त्यासाठी पैसे घेऊ नयेत, असे ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोमन कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, ठरवले; यावरून परवान्याला तेव्हा मोल आले होते हे दिसते. बोलोन्यात परवान्यावर आर्चडीकनची, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची, संमती १२१९ मध्ये आवश्यक झाली. इतिहासकार जॉर्ज मकदिसी यांच्या मते या परवान्याचा उगम इस्लामी विधिशिक्षणातील ‘इजाझा’त, म्हणजे शिकवण्याच्या व धर्मनिर्णय देण्याच्या अनुज्ञेत आहे. प्रतिपक्षाशी वाद करून आपले मत राखण्याची दोन्हीकडील पद्धत ते पुराव्यादाखल देतात. मात्र इजाझा गुरू शिष्याला व्यक्तिशः देई, तर युरोपीय परवान्यामागे अध्यापकांचा संघ व चर्चचा अधिकारी उभा असे. हा फरक लक्षात घेता साम्य मान्य करूनही थेट उगमाचा निष्कर्ष टाळणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा वाद प्रेरणांच्या चर्चेत अप्रस्तुत नाही. शिकवण्याचा हक्क आणि विद्वानांच्या मंडळात स्थान ही पदवीची मूळ आकर्षणे होत. व्हेनिसच्या विदुषी एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना १६७८ मध्ये पादुआ येथे तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली, त्यामागे वडिलांचा आग्रह होता. धर्मशास्त्राची पदवी मात्र बिशपच्या विरोधामुळे मिळू शकली नाही. नवे संशोधन ही अट बरीच अलीकडची असून ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत, विशेषतः १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या प्रभावाने रुजली. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ही संशोधनाची पदवी अमेरिकेत नेली. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये स्वीकारली. ज्ञानाची ओढ आणि नोकरीचा दाखला ही दोन कारणे तेव्हापासून एकाच पदवीत नांदत आहेत. दाखल्याची भूक अध्यापनाला मारक ठरेल, असा इशारा अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०३ मध्येच दिला होता.

अर्थशास्त्रात गॅरी बेकर (१९६४) शिक्षणाला कौशल्यातील गुंतवणूक मानतात, तर मायकेल स्पेन्स (१९७३) पदवी ही मुळातल्या क्षमतेची खूण आहे असे मांडतात. प्रयोगशाळेतील विषयांना पहिले स्पष्टीकरण अधिक लागू पडते, कारण तेथे तंत्र खरोखर हातात येते. डेसी व रायन यांचा मानसशास्त्रीय सिद्धांत आतून येणारी गोडी, स्वतः पटलेले ध्येय, अपराधभाव किंवा प्रतिष्ठेचा दाब आणि बाहेरचे बक्षीस अशा पायऱ्या मानतो. प्रत्यक्षात एकाच विद्यार्थ्यात या सगळ्यांचे मिश्रण असते. पुष्कळांच्या बाबतीत तर एखाद्या शिक्षकाचे ‘तुम्ही पुढे करा’ हे वाक्य निर्णायक ठरते, आणि सर्वेक्षणाच्या पर्यायांत त्याला जागा नसते.

प्रेरणा मोजणे अवघड आहे. प्रवेश-अर्जातील निवेदन निवड समितीला पटवण्यासाठी लिहिलेले असते. पदवी मिळाल्यावर विचारले, तर आठवण यशाच्या रंगात रंगते आणि मध्येच सोडून गेलेले नमुन्यातून गळतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी व पुन्हा दोन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारणे अधिक भरवशाचे.

अडचण बहुधा अभ्यासक्रम संपून प्रबंध सुरू होण्याआधीच्या काळात येते. तोवर परीक्षा व गुण पाठीशी असतात; नंतर प्रश्न स्वतःच मांडायचा, फसलेला प्रयोग पुन्हा करायचा, तेच प्रकरण चार वेळा लिहायचे. विषयाची आवड असूनही या कामाची आवड नसणे शक्य असते, आणि केवळ उपाधीची ओढ येथपर्यंत क्वचितच पुरते. प्राध्यापकपद हेच ध्येय असेल, तर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१७ च्या व्याख्यानात सांगितलेला योगायोगाचा वाटा आजही खरा आहे. अनेक विषयांत स्थायी जागा पीएच.डी. झालेल्यांपेक्षा कमी असतात.

म्हणून अर्जापूर्वी आपल्या विषयातील अलीकडे मान्य झालेले दोन-तीन प्रबंध पूर्ण वाचावेत आणि सहा महिन्यांचे तरी संशोधनकाम करून पाहावे. नियोजित मार्गदर्शकाचे आजी-माजी विद्यार्थी किती, किती जणांनी किती वर्षांत काम संपवले आणि ते आता काय करतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. विद्यावेतन तीन वर्षांचे आणि विषयाला सामान्यतः पाच वर्षे लागत असतील, तर शेवटच्या दोन वर्षांचा खर्च आधीच ठरवावा. लिखाण नेमके तेव्हाच ऐन भरात असते.

नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांचा प्रश्न बहुधा स्वतःच्या कामातूनच येतो. त्यांना विषयाची वाण नसते, सलग वेळेची असते.