कमिट आणि पुशसोबत आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्या ग्राहकांच्या सॉफ्टवेअरची देखभाल आम्ही करतो, त्यांच्या रेपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवण्याच्या जागेत) आम्ही काही छोट्या स्क्रिप्ट बसवून देतो. त्या कोणी आठवणीने चालवाव्या लागत नाहीत; आपल्या चमूतील एखाद्याने कमिट केले (बदलांची नोंद केली), पुश केले (त्या नोंदी सर्व्हरकडे पाठवल्या) किंवा दोन ब्रँच, म्हणजे कोडच्या समांतर शाखा, मर्ज केल्या (एकत्र केल्या), की गिट, म्हणजे हा इतिहास सांभाळणारे साधन, स्वतःच त्या चालवते. या स्क्रिप्टना हुक म्हणतात. त्या कोठे बसतात, काय रोखू शकतात आणि कशासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, हे या पत्रकात सांगितले आहे. आपण स्वतः कोड लिहीत नसलात तरीही कृपया हे पत्रक वाचावे, कारण कोणता नियम सक्तीचा ठेवायचा आणि कोणता केवळ सोयीचा, हा निर्णय शेवटी आपलाच असतो आणि तो चुकला तर त्याचा त्रास रोज काम करणाऱ्यांना होतो.

हुक कसे काम करतात

गिट 2005 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिले, पण हुकची कल्पना त्याहून जुनी आहे. सीव्हीएस आणि सबव्हर्जन ही गिटच्या आधीची तशीच साधने. सीव्हीएसमध्ये कमिटच्या आधी आणि नंतर प्रोग्राम चालवण्याची सोय होती आणि सबव्हर्जनमध्ये तर प्रत्येक रेपॉझिटरीच्या सर्व्हरवर हुकचा स्वतंत्र फोल्डर असतो. गिटमध्ये नवी रेपॉझिटरी तयार केली, की तिच्या आतल्या डॉट-गिट या लपलेल्या फोल्डरमध्ये हुक्स नावाचा उपफोल्डर येतो आणि त्यात नमुन्याच्या काही फायली असतात. त्यांच्या नावाच्या शेवटी डॉट-सॅम्पल असे असल्यामुळे त्या निद्रिस्त असतात. ते शेपूट काढले आणि फाइलला चालवण्याची परवानगी दिली, की ती जागी होते. परवानगी द्यायची राहिली तर गिट ती स्क्रिप्ट बाजूला ठेवून पुढे जाते. अलीकडच्या आवृत्त्या त्याबद्दल एक ओळीची सूचना देतात, पण काम थांबवत नाहीत. हुक बसवला आहे आणि तरी चालत नाही, अशी तक्रार आली की आम्ही प्रथम हीच परवानगी तपासतो.

स्क्रिप्ट शेलमध्ये, पायथनमध्ये किंवा संगणकावर चालू शकणाऱ्या कोणत्याही भाषेत लिहिता येते. गिट तिच्याकडून एकाच गोष्टीची अपेक्षा ठेवते: संपताना तिने एक आकडा परत द्यावा. शून्य म्हणजे पुढे जाण्यास हरकत नाही; शून्याखेरीज काहीही आले, तर ‘आधी’ चालणाऱ्या हुकच्या बाबतीत ती क्रिया तिथेच थांबते. ‘नंतर’ चालणारे हुक मात्र काहीच थांबवू शकत नाहीत, कारण ते चालतात तेव्हा क्रिया पूर्ण झालेली असते. त्यांचा उपयोग कळवण्यासाठी आणि पुढचे काम सुरू करण्यासाठी करावा.

विकासकाच्या संगणकावरील हुक

कमिट करताना चार हुकना संधी मिळते. प्री-कमिट सर्वांत आधी, संदेश लिहिण्यापूर्वी चालतो. प्रिपेअर-कमिट-मेसेज संदेशाचा कच्चा मसुदा भरून देतो. ब्रँचच्या नावातून कामाचा क्रमांक उचलून तो पहिल्या ओळीत टाकणे, हा त्याचा आम्हाला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. कमिट-मेसेज लिहून झालेला संदेश तपासतो. पोस्ट-कमिट सगळे आटोपल्यावर येतो. त्यानंतर पुश करताना, काहीही सर्व्हरकडे जाण्यापूर्वी, प्री-पुश चालतो. ब्रँच बदलल्यावर पोस्ट-चेकआउट आणि मर्जनंतर पोस्ट-मर्ज चालतो. लायब्ररींची यादी बदलली असेल तर ‘नव्या लायब्ररी बसवून घ्या’ अशी आठवण देण्यापुरते आम्ही हे दोन वापरतो.

यांपैकी प्री-कमिट सर्वांत लोकप्रिय आहे आणि तोच सर्वाधिक चुकीचा लिहिला जातो. कमिटमध्ये जाणारा मजकूर म्हणजे विकासकाने स्टेज केलेला, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेला मजकूर. फोल्डरमध्ये त्या क्षणी दिसणारी फाइल त्याहून वेगळी असू शकते. एखाद्याने फाइल स्टेज केली, नंतर तिच्यात आणखी दुरुस्ती केली आणि मग कमिट केले, तर फोल्डरमधील फाइल तपासणारी स्क्रिप्ट जे तपासते ते कमिट होतच नाही आणि जे कमिट होते ते तपासलेच जात नाही. म्हणून आमच्या स्क्रिप्ट बदललेल्या फायलींची यादी स्टेज केलेल्या बदलांतूनच घेतात, पुसून टाकलेल्या फायली त्या यादीतून वगळतात आणि मजकूरही स्टेजमधूनच वाचतात. फाइलच्या नावात मोकळी जागा असली तरी यादी तुटू नये, एवढीही काळजी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्या सुरुवातीच्या एका कामात आम्ही प्री-कमिटमध्येच सगळ्या चाचण्या बसवल्या होत्या. हेतू चांगला होता, पण प्रत्येक कमिटला काही मिनिटे थांबावे लागू लागले. गिटमध्ये नो-व्हेरिफाय हा पर्याय दिला, की प्री-कमिट आणि कमिट-मेसेज हे दोन्ही हुक वगळले जातात. पुश करतानाही तोच पर्याय प्री-पुशला वगळतो. विकासकांनी तो पर्याय वापरायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत तो त्यांच्या हाताच्या सवयीचा झाला. पुढे एका कमिटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड गेला, तेव्हा तो पकडणारी तपासणी त्याच हुकमध्ये होती आणि ती चाललीच नव्हती. चूक विकासकाची नव्हती. जड तपासणी आणि अत्यावश्यक तपासणी आम्ही एकाच जागी बांधली होती. तेव्हापासून प्री-कमिटमध्ये आम्ही केवळ काही सेकंदांत संपणारे काम ठेवतो: कोडची मांडणी, वाक्यरचनेतील उघड चुका, मर्जमध्ये राहून गेलेल्या खुणा, अवाजवी मोठ्या फायली आणि गुप्त किल्ल्यांसारखा दिसणारा मजकूर. चाचण्यांपैकी झटपट होणाऱ्या तेवढ्या प्री-पुशमध्ये जातात आणि बाकीच्या सर्व्हरच्या बाजूला.

पासवर्डचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गुप्त किल्ली एकदा पुश झाली, की पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून टाकल्याने काहीही साधत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी राहते. अशा वेळी ती किल्ली रद्द करून नवी घेणे हाच पहिला उपाय आहे. इतिहास साफ करण्याचे काम त्यानंतरचे.

क्लोनसोबत हुक का येत नाहीत

अनेक ग्राहक आम्हाला विचारतात, की नवीन माणूस रुजू झाल्यावर त्याच्या संगणकावर हुक आपोआप का दिसत नाहीत. याचे कारण असे, की डॉट-गिट फोल्डरमधील हुक्स हा भाग रेपॉझिटरीच्या इतिहासाचा हिस्साच नाही आणि क्लोन करताना, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेताना, तो येत नाही. ही उणीव वाटते, पण ती सुरक्षिततेची भिंत आहे. अन्यथा अनोळखी रेपॉझिटरी नुसती उतरवून घेतली तरी तिच्या मालकाची स्क्रिप्ट आपल्या संगणकावर, आपल्या अधिकारांनिशी चालली असती. ही धास्ती काल्पनिक नाही. 2024 च्या मे महिन्यात गिटच्या चमूने एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. फायलींच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणाऱ्या आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) चालू असलेल्या संगणकांवर, विशिष्ट प्रकारे रचलेली रेपॉझिटरी सबमॉड्यूलसह (तिच्यात जोडलेल्या इतर रेपॉझिटरींसह) क्लोन केली, तर क्लोन चालू असतानाच तिच्यातील हुक चालवला जाऊ शकत होता. गिट अद्ययावत ठेवा, हे आम्ही वारंवार का सांगतो ते यावरून लक्षात यावे.

मग चमूतील सर्वांकडे एकच हुक कसे पोहोचवायचे? आम्ही स्क्रिप्ट रेपॉझिटरीतच एका साध्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे त्यांच्यातील प्रत्येक बदल इतर कोडसारखाच पुनरावलोकनातून जातो. त्यानंतर प्रत्येक विकासक एकदाच एक आज्ञा देऊन गिटला त्या फोल्डरकडे वळवतो. हुक्स-पाथ नावाची ही सोय 2016 मध्ये आलेल्या गिटच्या 2.9 या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. हस्की, लेफ्टहुक किंवा प्री-कमिट याच नावाचे साधन यांपैकी काही आपल्या चमूत आधीपासून रुळले असेल, तर आम्ही ते बदलत नाही. मात्र एक परिणाम ध्यानात ठेवावा: हुक असा वळवला, की पुल केल्यानंतर (सर्व्हरवरचे नवे बदल उतरवून घेतल्यावर) बदललेली स्क्रिप्टही लगेच लागू होते. म्हणून हुकच्या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी किमान दोन व्यक्तींची संमती असावी, अशी आमची शिफारस आहे.

सक्ती सर्व्हरवरच होते

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींतून एक निष्कर्ष निघतो आणि आमच्या सर्व कामाची उभारणी त्यावरच आहे: विकासकाच्या संगणकावरील हुक ही त्याची सोय आहे, नियम नव्हे. तो बसवला नसेल, वगळला असेल किंवा त्याच्या जुन्या प्रतीत काही वेगळेच असेल, तर आपल्याला ते कळण्याचा मार्ग नाही. जो नियम मोडला गेलेला चालणार नाही, तो सर्व्हरवरच असला पाहिजे.

गिटच्या सर्व्हरवर पुश पोहोचल्यावर प्रथम प्री-रिसीव्ह चालतो. पुश कितीही ब्रँचचा असो, तो एकदाच चालतो आणि प्रत्येक संदर्भासाठी (म्हणजे ब्रँच किंवा टॅगसाठी) जुना कमिट, नवा कमिट आणि संदर्भाचे नाव अशी एक ओळ त्याला मिळते. त्याने नकार दिला तर संपूर्ण पुश परत जातो. नंतर अपडेट हा हुक प्रत्येक ब्रँचसाठी स्वतंत्रपणे चालतो आणि त्याचा नकार तेवढ्या ब्रँचपुरता असतो. मुख्य ब्रँचवर फक्त ठरावीक व्यक्तींनीच लिहावे, इतिहास जबरदस्तीने पुसला जाऊ नये, संदेशात कामाचा क्रमांक असावा, हे नियम आम्ही येथे लिहितो.

येथेही एक खाच आहे. कोणी ब्रँच काढून टाकली, की नव्या कमिटच्या जागी 40 शून्ये येतात आणि नवी ब्रँच आली, की जुन्याच्या जागी. ही शक्यता विसरलेली स्क्रिप्ट अस्तित्वात नसलेला कमिट शोधत बसते, चुकीने नकार देते आणि विकासकाला अगम्य संदेश दिसतो. आमच्या प्रत्येक नकारात काय चुकले आणि पुढे काय करावे, हे साध्या वाक्यात लिहिलेले असते. ज्याला अडवले आहे त्याला कारण कळणे, हा आम्ही त्याचा हक्क मानतो.

सबव्हर्जन वापरणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत सर्व हुक सर्व्हरवरच असतात. तेथे ते बहुधा रिकाम्या वातावरणात चालतात, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो.

रेपॉझिटरी दुसऱ्यांच्या सेवेवर असेल तर

आपली रेपॉझिटरी गिटहबच्या सार्वजनिक सेवेवर असेल, तर तेथे स्वतःचे प्री-रिसीव्ह हुक बसवता येत नाहीत. ती सोय गिटहब एंटरप्राइझ सर्व्हरवर आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या गिटलॅबमध्ये असे हुक बसवता येतात, पण त्यासाठी सर्व्हरच्या प्रशासकाची मदत लागते. सार्वजनिक सेवेवर आम्ही तोच हेतू संरक्षित ब्रँच आणि सक्तीच्या तपासण्या यांद्वारे साधतो. येथे फरक असा, की गिटहब ॲक्शन्ससारखी तपासणी पुश झाल्यानंतर चालते. ती पुशला अडवू शकत नाही, मुख्य ब्रँचमधील मर्जला अडवते. म्हणून गुप्त किल्ल्यांसाठी त्या सेवेतील पुश-प्रोटेक्शनही (किल्ली असलेला पुश अडवणारी सोय) आम्ही चालू करून घेतो.

वेबहुक हा आणखी एक प्रकार. यात सेवा आपल्या सर्व्हरला घटनेची वार्ता धाडते आणि काय करायचे ते आपला सर्व्हर ठरवतो. ती वार्ता खरोखर त्या सेवेकडूनच आली आहे का, हे सामायिक गुपिताने केलेल्या स्वाक्षरीवरून पडताळणे अनिवार्य आहे, नाहीतर पत्ता माहीत असलेला कोणीही आपल्या यंत्रणेला कामाला लावू शकेल. गिटहब उत्तरासाठी 10 सेकंद थांबते. म्हणून आम्ही वार्ता मिळाल्याची पोच ताबडतोब देतो आणि खरे काम रांगेत टाकतो.

पुशनंतर साइट अद्ययावत करणे

छोट्या साइटसाठी पोस्ट-रिसीव्ह हुक पुरेसा असतो. मुख्य ब्रँचवर पुश झाला, की नवा कोड साइटच्या फोल्डरमध्ये उतरतो आणि सेवा पुन्हा सुरू होते. हा हुक चालू असताना गिट आपल्या फोल्डरचा पत्ता गिट-डिर या पर्यावरण-चलात (चालू प्रोग्रामना मिळणाऱ्या एका नामांकित मूल्यात) ठेवते. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन गिटची आज्ञा देण्यापूर्वी ते चल रिकामे केले नाही, तर आज्ञा भलत्याच रेपॉझिटरीवर चालते किंवा बंद पडते. शिवाय हुक संपेपर्यंत पुश करणाऱ्याची जोडणी अडकून राहते, म्हणून लांबणारे काम आम्ही पार्श्वभूमीत सोडतो. दोघांनी लागोपाठ पुश केले तर दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायांत येऊ नयेत यासाठी कुलपाची फाइल असते. डेटाबेसच्या रचनेतील बदल मात्र आम्ही या मार्गाने कधीही आपोआप लागू करत नाही. कोड मागे नेता येतो. पुसलेला स्तंभ परत आणता येतोच असे नाही, आणि तेथे माणसाने वाचून होकार दिलाच पाहिजे.

आपल्याकडून आम्हाला काय लागते

काम सुरू करण्यापूर्वी आपण आम्हाला तीन बाबी कळवाव्यात: कोणत्या ब्रँचवर थेट पुश बंद असावा, कमिट-संदेशाची काही ठरलेली पद्धत आहे का, आणि अडचणीच्या प्रसंगी सर्व्हरवरील नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार कोणाला असेल. तिसरी बाब बहुतेक वेळा राहून जाते. रात्री सेवा बंद पडली असताना तपासणीतील एखाद्या किरकोळ चुकीमुळे दुरुस्ती अडकली, तर मार्ग आधीच ठरलेला असावा, आणि तो वापरल्याची नोंद मागे राहावी.

सर्व स्क्रिप्ट आपल्याच रेपॉझिटरीत, मराठी टिपणांसह असतात आणि त्यांची मालकी आपली असते. आमच्याशी असलेला करार संपला तरी त्या चालत राहतात. आपल्या सर्व्हरवर आम्हाला दिलेली प्रवेश-किल्ली आपण रद्द करायची, एवढेच काम उरते.