उच्चार जिभेआधी कानात घडतो

वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचा तास बहुधा एकाच पद्धतीने चालतो. मॅडम शब्द उच्चारतात, सारा वर्ग एका सुरात तो म्हणतो, आणि एखाद्याचा उच्चार चुकला की त्याच्याकडून तोच शब्द पुन्हा पुन्हा वदवून घेतला जातो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाऊ लागले, त्यामुळे खेड्यातल्या मुलांचीही या भाषेशी लहान वयातच ओळख होते. पण उच्चार सुधारण्याची आपली रीत जिभेला वळण लावण्यापुरतीच राहिली आहे. ध्वनिविज्ञानातील संशोधन मात्र असे सांगते की, अडचण पुष्कळदा जिभेत नसते, ऐकलेल्या आवाजाची वर्गवारी करणाऱ्या मेंदूत असते. जो फरक मुलाला ऐकूच येत नाही, तो कितीही वेळा घोकून त्याच्या तोंडी बसत नाही.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी केलेला एक प्रयोग 1984 साली प्रसिद्ध झाला. आपल्याला तो जवळचा वाटावा, कारण त्यात तपासलेल्या ध्वनींमध्ये हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ होते. बाळाला एकच ध्वनी सतत ऐकवायचा, मध्येच दुसरा सुरू करायचा, आणि फरक जाणवून बाळाने मान वळवली की त्याला हलते खेळणे दाखवायचे, अशी ती पद्धत होती. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना तो ओळखता आला. वर्ष भरायच्या आतच मेंदू आपल्या भाषेत उपयोगी पडणारे भेद जपतो आणि बाकीचे एकाच खणात टाकू लागतो. आपली मुले ‘ट’ आणि ‘त’ झोपेतही ओळखतील, पण इंग्रजीतले काही भेद त्यांच्याही कानात असेच एका खणात पडलेले असतात.

‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द आपण वेगळे लिहितो, पण बोलताना बहुतेक मराठी माणसे त्यांत फरक करत नाहीत. म्हणून जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ ही जोडी आपल्या मुलांना अवघड जाते. ऱ्हस्व-दीर्घ एवढेच सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण इंग्रजीत या दोन स्वरांमध्ये जिभेची जागाही बदलते: पहिल्यात ती किंचित खाली आणि सैल असते, दुसऱ्यात वर आणि ताणलेली.

‘प’, ‘ट’ आणि ‘क’ यांची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी 1964 साली अकरा भाषांमधील व्यंजनांची मोजणी प्रसिद्ध केली, आणि त्या अकरांत मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंठाचे कंपन सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजले. इंग्रजी शब्दाच्या आरंभी येणाऱ्या या व्यंजनांत हे अंतर साधारण 60 ते 80 मिलीसेकंद असते, तर आपल्या अल्पप्राण, म्हणजे श्वासाचा झोत न सोडता उच्चारलेल्या, व्यंजनांत ते फारच कमी असते. त्यामुळे टाचणीला मराठी ‘प’ने ‘पिन’ म्हटले, तर इंग्रजाच्या कानाला कधी कधी ‘बिन’ ऐकू येते. हे वर्गात सहज दाखवता येते. वहीच्या पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरून मुलाला आधी ‘काट’ आणि मग ‘खाट’ म्हणायला सांगावे. ‘ख’ला पट्टी जास्त हलते. तेवढाच श्वास ‘पिन’च्या आरंभी सोडायचा, मात्र ‘स्पिन’मध्ये ‘स’नंतर तो सोडायचा नाही. महाप्राण, म्हणजे श्वासाचा हा झोत, आपल्या मुलांच्या बोलण्यात आधीपासूनच आहे, त्यांना तो फक्त नव्या जागी वापरायचा असतो.

‘व’च्या बाबतीत आपल्या लेखनाने गोंधळ वाढवला आहे. पश्चिमेसाठी ‘वेस्ट’ आणि बनियनसाठी ‘व्हेस्ट’ असे आपण लिहितो, आणि मुले दुसऱ्या शब्दात खरोखरच ‘ह’ मिसळतात. तिथे ‘ह’ नसतोच. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून आवाज घासत बाहेर काढायचा असतो. ‘वेस्ट’साठी ओठांचा चंबू करायचा आणि दात ओठाला लागू द्यायचे नाहीत. हा भेद डोळ्यांनाही दिसतो, म्हणून तो शिकवायला सोपा आहे.

इथे वऱ्हाडी मुलांविषयी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. घरी ‘शाया’ आणि ‘पानी’ म्हणणारे मूल वर्गात ‘शाळा’ आणि ‘पाणी’ म्हणायला शिकते, म्हणजे एका ध्वनिव्यवस्थेतून दुसरीत जाण्याचे काम त्याने शाळेच्या पहिल्या वर्षांतच सुरू केलेले असते. ही क्षमता आहे, उणीव नव्हे. बोलीवरून हसे झालेले मूल इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाही, आणि मग कोणतीही पद्धत चालत नाही.

प्रौढांचा कानही घडवता येतो, हे जपानी भाषकांवरील प्रयोगांनी दाखवले. त्यांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येत नाहीत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून 1991 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना हे ध्वनी अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत आणि शब्दांतल्या वेगवेगळ्या जागी ऐकवले गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर ते बरोबर की चूक हे लगेच सांगितले गेले. हे ध्वनी ओळखण्याची त्यांची क्षमता सुधारली. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात असेही दिसले की, बोलण्याचा सराव न देता केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचा उच्चारही सुधारला. यात वेगवेगळ्या आवाजांना महत्त्व आहे, कारण एकाच शिक्षकाचे ऐकून मूल त्या शिक्षकाचा आवाज शिकते, ध्वनीतला भेद शिकत नाही. चार-पाच जणांच्या आवाजात ‘शिप-शीप’सारख्या जोड्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून रोज दहा मिनिटे ऐकवाव्यात आणि मुलांनी फक्त ‘पहिला’ की ‘दुसरा’ एवढेच सांगावे.

सारे काही सुधारायची गरजही नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली दाखवले की, बोलण्यात परकी ढब ठळक असूनही ते बोलणे पूर्ण समजू शकते. म्हणून ‘थँक्स’मधला ‘थ’ मराठी राहिला तरी बिघडत नाही. शब्दातला जोर चुकीच्या जागी पडला, तर मात्र ऐकणारा गोंधळतो. ‘हॉटेल’मध्ये जोर शेवटच्या ‘टेल’वर असतो आणि ‘डेव्हलप’मध्ये मधल्या भागावर. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो स्वतंत्रपणे ऐकवावा लागतो, आणि टाळी देऊन तो दाखवला तर लहान मुलांनाही कळतो.

प्रगती तपासण्यासाठी शिक्षकाचा स्वतःचा कान पुरेसा नाही, कारण कोणता शब्द येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. मुलाने आपल्या मनाने निवडलेले दहा शब्द बोलावेत आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांनी, त्याचे तोंड न पाहता, ऐकू आले तसे लिहावेत. जिथे वेगळा शब्द लिहिला गेला असेल, ती जोडी दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांत घ्यावी.