कॉम्प्युटरचा आवाज बसतो तेव्हा

एप्रिल अर्धा उलटला की मला, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला, एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. "भाऊ, स्पीकर नुसता घुंऽऽ करून राहिला." गाणं लावा, न लावा, घुंऽऽ चालूच. अशा वेळी मी विंडोजबद्दल काहीच विचारत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं, ते विचारतो.

दारव्हा तालुक्यातली आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ओल गेली की खड्ड्यातल्या मीठ-कोळशाचा जोर संपतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळून जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांना जमीन सापडली नाही की तो कचरा पत्र्याच्या कॅबिनेटवरच राहतो. चुकून हात लागला तर मुंग्या येतात त्या याच्याच. तिथून तो स्पीकरच्या वायरीत शिरतो. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, ती लय आणि तिच्या पटी कानाला घुंऽऽ अशा ऐकू येतात. दोन बादल्या पाणी ओतलं की बऱ्याच घरांत निम्मी घरघर बसते. उरलेली निम्मी थ्री-पिनची तिसरी पिन कुणी पक्कडीने मोडली आहे का, हे पाहिलं की सापडते. जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून ती मोडायची आमच्याकडे रीतच आहे.

लोडशेडिंगच्या वर्षांत याच घरघरीला जोडीदार मिळाला होता, स्वस्तातला इन्व्हर्टर. त्याची वीज गोल लाटेची नसते, चौकोनी असते. म्हणून लाइन गेली की पंखा कण्हायचा आणि स्पीकरही.

हा दोष कॉम्प्युटरचा नाही, गणपती मंडळाच्या अँप्लिफायरलाही होतो. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या दोषांची गोष्ट निराळी आहे. आवाज हरवण्याच्या जागा दर चार-पाच वर्षांनी वाढत गेल्या, आणि जुनी जागा मिटली असंही क्वचितच झालं. आज कुणी "आवाज काहून येत नाही?" असं विचारलं की मी जी आठ-दहा ठिकाणं तपासतो, त्यातलं प्रत्येक ठिकाण कुठल्या ना कुठल्या सालात जन्मलेलं आहे.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता, बस्स. इंटेलची ८२५३ नावाची टायमर चिप त्याला चालू-बंद, चालू-बंद करायची आणि त्यातून पीं निघायचा. आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती. तो गाण्यासाठी नव्हताच मुळी, मशीनने माणसाला हाक मारावी म्हणून होता. मशीन चालू करताच थांबून थांबून पीं, पीं ऐकू आलं आणि पडदा काळाच राहिला तर बहुतेक वेळा रॅम (मेमरीची पट्टी) सैल झालेली असते किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ चढलेला असतो. उपाय सगळ्या विदर्भात एकच. पोराच्या कंपासमधला खोडरबर घ्यायचा, रॅमची पट्टी काढून दात दोन्ही बाजूंनी घासायचे, रबराचा भुसा फुंकून टाकायचा आणि 'टक्' असा दोन्हीकडून आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबायची. मी हजारभर वेळा तरी केलं असेल. बऱ्याच मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी) एक लांब आणि दोन आखूड पीं म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. नव्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हा दहा-वीस रुपयांचा स्पीकर देतच नाहीत. त्यामुळे मशीन बिघडलं की मुकं बसतं, आणि गिऱ्हाईक सांगतं, "काहीच बोलत नाही ते."

गाणारा कॉम्प्युटर यायला १९८७ उजाडलं. कॅनडातल्या अ‍ॅडलिबने यामाहाची वायएम ३८१२ ही चिप कॉम्प्युटरमध्ये खोचायच्या कार्डावर बसवली. एकाच वेळी नऊ सूर काढता यायचे, पण माणसाचा बोललेला शब्द वाजवायचं काम तिचं नव्हतं. ते १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने केलं. त्यांच्या साउंड ब्लास्टरवर तीच यामाहा चिप होती, म्हणजे अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले गेम जसेच्या तसे वाजत. वर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय होती आणि जॉयस्टिकचं भोकही होतं. कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये सुरुवात केली ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानापासून. (आमच्या धंद्यातल्या माणसाने एवढं केलं याचा मला उगाच अभिमान वाटतो.) १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सीडीच्या दर्जाचा, १६ बिटांचा आवाज घरच्या टेबलावर आणला.

पण या कार्डांना तीन आकडे सांगावे लागत. कार्ड कुठे राहतं तो पत्ता, कामासाठी प्रोसेसरला हाक मारायची ती वाट, आणि प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून माल उचलायचा तो रस्ता. २२०, ५ आणि १, हे त्या काळच्या मेकॅनिकला पाढ्यासारखं पाठ असे. हाकेची ७ नंबरची वाट प्रिंटरच्या पोर्टचीही होती. एका वाटेवर दोघे आले की एकाचं काम अडायचं. कार्ड उपसून त्यावरचा जंपर (खुंट्या जोडणारी इवलीशी टोपी) चिमट्याने एका खुंटीवरून दुसरीवर सरकवायचा, ही तेव्हाची साउंडची दुरुस्ती. प्लग अँड प्ले म्हणून विंडोज ९५ ने ही वाटणी स्वतःकडे घेतली, तरी जुनी कार्डं कुणाचं ऐकत नसत.

आमच्या घराण्यात पहिला कॉम्प्युटर मोठ्या बाबांनी आणला. नागपूरला सीताबर्डीत असेंबल करवला आणि मॉनिटर एसटीत मांडीवर धरून गावी आणला. कृषी केंद्राची बिलं काढायला म्हणून घेतला होता, पण सीडी ड्राइव्ह होता तेव्हा गाणी ऐकायची हे ठरलेलंच. पहिल्याच संध्याकाळी खंजिरी भजनांची सीडी घातली. आकडे पळायला लागले, दोन मिनिटं, तीन मिनिटं, आवाज नाही. ओसरीवर पंधरा-वीस माणसं. "डबाच निकाला हाय बाप्पा," असा निकालही लागला. विंडोजची सूचना मात्र 'टिंग' करून वाजत होती. म्हणजे कार्ड ठीक, स्पीकर ठीक, फक्त सीडी मुकी. त्या वेळी सीडी ड्राइव्हच्या तोंडावरच इअरफोनचं एक भोक असायचं. माझ्या चुलतभावाने वॉकमनचा इअरफोन तिथे खुपसला आणि मोठ्या बाबांच्या कानाला लावला. भजन चालूच होतं. आतल्या आत चालू होतं. ड्राइव्हमधून साउंड कार्डाकडे जाणारी चार तारांची बारीक वायर असेंबल करणारा लावायला विसरला होता. तेव्हा सीडीवरचं गाणं प्रोसेसरकडे न जाता त्या वायरीतून थेट कार्डात जायचं. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात गाणं डेटासारखं वाचलं जाऊ लागलं आणि ती वायर निकामी झाली. मी दुरुस्ती शिकलो त्याची सुरुवात तिथली. चालणारं कुठपर्यंत चालतं ते आधी शोधायचं, मग पुढे सरकायचं.

१९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक आणलं. आवाजाची छोटी चिप मदरबोर्डवरच बसवायची, बरंचसं काम प्रोसेसरकडून करून घ्यायचं. वेगळं कार्ड विकत घ्यायची गरज गेली, आवाज जवळजवळ फुकट झाला. याच सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ मार्गदर्शक तत्त्वांनी भोकांना रंग दिले : हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. त्याआधी पत्र्यावर कोरलेली बारीक चिन्हं टॉर्च मारून वाचावी लागत. रंग आले तरी कॅबिनेट टेबलाखाली, तोंड भिंतीकडे, आणि लोक हात मागे घालून चाचपडत पिन खुपसतात. म्हणून आजही माझं पहिलं काम हिरव्यात हिरवी आहे का ते पाहण्याचं. दुसरं काम बोर्डावरच्या नऊ काड्यांच्या झुपक्याकडे पाहण्याचं. एसी ९७ च्या बोर्डांवर मागच्या स्पीकरचा आवाज आधी कॅबिनेटच्या पुढच्या भोकाशी जाऊन परत यायचा. पुढची वायर लावलेली नसेल तर तिथे दोन काळ्या टोप्या घालून वाट जोडावी लागे. कुणी साफसफाईत त्या काढल्या की मागचा स्पीकर मेला. पुढच्या भोकातली पाती गंजली तरी तेच. चार वेळा पिन घाला-काढा करा, आवाज येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याने मंत्र मारला.

आवाज फुकट झाला, पण ड्रायव्हर नावाचं, म्हणजे विंडोजला ती चिप चालवता यावी म्हणून टाकायच्या प्रोग्रामचं, नवं दुखणं आलं. विंडोज एक्सपी २००१ चं. नवीन विंडोज टाकली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या भागांची यादी) 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' या नावापुढे पिवळं चिन्ह हजर. मी एका म्हाताऱ्या आबाजींना म्हणालो, "ड्रायव्हर नाही याचा." ते शांतपणे म्हणाले, "मग कालपर्यंत कोण चालवत होता?" प्रश्न तसा बरोबर होता. ड्रायव्हर मदरबोर्डसोबत आलेल्या सीडीत असायचा, आणि ती सीडी एव्हाना शेवग्याच्या झाडाला पाखरं हाकलायला टांगलेली असायची. हा विनोद नाही, मी दोन अंगणांत पाहिलंय. नेट नव्हतं, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन यवतमाळला जायचं, बोर्डावरच्या खेकड्याच्या खुणेच्या रिअलटेक चिपचा नंबर कागदावर लिहून न्यायचा आणि कॅफेत बसून फाइल उतरवायची. २००४ मध्ये इंटेलने एसी ९७ च्या जागी एचडी ऑडिओ हे मानक आणलं, तेव्हा तर एक्सपीला ते ओळखूच येईना, कारण एक्सपी त्याच्या तीन वर्षं आधीची. मायक्रोसॉफ्टचं वेगळं पॅच आधी, रिअलटेक नंतर, असा क्रम होता. क्रम चुकला की पिवळं चिन्ह तिथेच.

चित्र दिसतं आणि आवाज नाही, ही लग्नाच्या व्हिडिओंची आणि सिनेमांची तक्रार मात्र कोडेकची, म्हणजे फाइलमध्ये दाबून भरलेला आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रामची असायची. व्हीएलसी प्लेयर टाकला की संपलं, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आजची सगळ्यात नेहमीची तक्रार ज्या सालात जन्मली, त्या विंडोज व्हिस्टाकडे आमच्या भागात कुणी फारसं फिरकलंच नाही. २००७ मध्ये ती लोकांच्या हाती आली आणि मायक्रोसॉफ्टने तिच्यात आवाजाची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली होती. प्रत्येक प्रोग्रामला आवाजाची वेगळी पट्टी मिळाली, मागे चालणाऱ्या 'विंडोज ऑडिओ' या सेवेसोबत तिची एक जोडीदार सेवाही चालू असणं सक्तीचं झालं, आणि स्पीकर, हेडफोन, एचडीएमआय हे सगळे वेगवेगळे दरवाजे म्हणून यादीत दिसू लागले. ही घडी विंडोज ७ पासून आजपर्यंत तशीच आहे. एचडीएमआय २००२ चं, एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही नेणारं. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर गंमत झाली. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज खुशाल ठरवते, आवाज मॉनिटरकडे पाठवायचा. मॉनिटरला स्पीकरच नसतो. पट्टी हिरवी नाचते, गाणं पुढे सरकतं, खोलीत मात्र शांतता. लोक वायरी हलवतात, वूफर उलटा-पालटा करतात, एकाने तर नवा वूफर आणला. उपाय कोपऱ्यातल्या भोंग्यावर क्लिक करून यादीतून स्पीकर निवडण्याचा, दहा सेकंदांचा. त्याचे पैसे मागायची मला लाज वाटते आणि न मागितले तर पेट्रोल सुटत नाही.

वूफरचा स्वतःचा रोग वेगळा. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत रुई उडते, ती आवाजाच्या गोल खुंटीत जाऊन बसते. खुंटी फिरवली की खर्रऽऽ आणि एका बाजूचा आवाज गायब. आतली कार्बनची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वीस वेळा फिरवली की मोकळी होते. काही जण तिथे खोबरेल सोडतात, त्यांच्याकडे मला महिन्याभरात परत जावं लागतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा घरात आली तेव्हा धूळ झटकून डेस्कटॉप बाहेर निघाले, आणि पहिल्यांदाच प्रश्न आवाज येण्याचा नव्हता, जाण्याचा होता. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनीवर चार पट्टे असतात : डावा, उजवा, जमीन आणि माइक. डेस्कटॉपच्या हिरव्या भोकात तीनच जागा. बाईंचं बोलणं ऐकू येई, पोरीचं बाईंना जात नसे. एका पिनीच्या दोन करणारी वाय केबल लागते, आणि दुकानं बंद. केबल ज्यांच्याकडे होती त्यांना विंडोज १० ने अडवलं, कारण २०१८ पासून माइक वापरायची परवानगी प्रायव्हसीच्या पानावर वेगळी द्यावी लागते. ते पान मी फोनवरून किती जणांना शोधून दिलं याची मोजदाद नाही.

माझ्या चुलतभावाच्या पोरीने वाट पाहिली नाही. डेस्कटॉपच्या पडद्यावर वर्ग उघडायचा, आवाज तिथला बंद, आणि त्याच वर्गात मोबाइलवरून दुसऱ्यांदा शिरून बोलायचं. दोन्हीकडचा आवाज चालू राहिला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजायची, म्हणून तिने मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली होती : 'आधी याचं तोंड बंद कर.' वर्ष तसंच गेलं. चिठ्ठी अजून आहे, आणि मशीनवर आता फक्त बिलं निघतात.