नाणी आणि टपाल तिकिटे : संग्राहकांची परिभाषा

नाणी व टपाल तिकिटे जमवणारे, विकणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे वापरतात त्या खास शब्दांचा समूह. वरवर पाहिले तर ही नुसती नावांची जंत्री वाटते. पण यांतले निम्म्याहून अधिक शब्द एकाच प्रश्नाभोवती फिरतात : समोरच्या वस्तूवर जे दिसते आहे ते कधी घडले? टाकसाळीत वा छापखान्यात, लोकांच्या हातांत फिरताना, की संग्राहकाच्या कपाटात पोहोचल्यावर? टाकसाळीत झालेली चूक नाण्याची किंमत वाढवू शकते; हुबेहूब तशीच दिसणारी खोड नंतर कोणी हातोडीने केली असेल, तर ते नाणे निव्वळ बिघडलेले ठरते.

नाण्यांच्या अभ्यासाला मराठीत नाणकशास्त्र किंवा नाणेशास्त्र म्हणतात. ‘न्यूमिस्मॅटिक्स’ या शब्दाच्या मुळाशी ‘चलन’ या अर्थाचा ग्रीक ‘नोमिस्मा’ आहे. ‘फिलाटेली’ची गोष्ट जास्त मजेची. तिकिटांच्या या नादाला सुरुवातीला ‘तिकीटवेड’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव पडले होते. ते न रुचल्याने जॉर्ज एर्पें या फ्रेंच संग्राहकाने 1864 मध्ये ग्रीक ‘फिलोस’ (आवड असलेला) आणि ‘आतेलेइया’ (करमाफी) हे शब्द जोडून नवे नाव बनवले. पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. तिकिटामुळे तो सुटला, म्हणून करमाफी. शब्द ओढूनताणून जुळवलेला आहे, पण टिकला.

मराठीपुरती एक अडचण आधीच सांगितलेली बरी. ‘शिक्का’ हा शब्द मूळ अरबी ‘सिक्का’वरून आला. नाणे पाडण्याचा ठसा आणि खुद्द नाणे, असे दोन्ही अर्थ त्याला होते. आज मात्र मराठीत तो पोस्टाच्या शिक्क्यासाठीही चालतो. घोटाळा टाळायचा तर नाण्याच्या बाबतीत ‘ठसा’ आणि तिकिटाच्या बाबतीत ‘शिक्का’ म्हणावे. ‘मिंट’चेही तसेच : नाणेवाल्यांसाठी मिंट म्हणजे टाकसाळ, तर तिकीटवाल्यांसाठी ‘मिंट’ म्हणजे न वापरलेले तिकीट.

नाण्याचे शब्द

नाणेफेकीतले ‘छापा’ आणि ‘काटा’ म्हणजे संग्राहकांच्या भाषेत पुढची आणि मागची बाजू. हाताने नाणी पाडली जात तेव्हा खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे आणि वरचा हातात धरून त्यावर घण घालत. सारा मार वरच्या ठशाने खाल्ल्यामुळे तो लवकर झिजे व बदलावा लागे. म्हणून प्राचीन नाण्यांत पुढची बाजू तीच राहून मागची बदललेली अशा जोड्या सापडतात. त्या साखळीने लावून नाणी कोणत्या क्रमाने पाडली हे अभ्यासक ठरवतात. याला ठसा-अभ्यास म्हणतात.

ठसा उमटण्याआधीच्या कोऱ्या तुकड्याला चकती म्हणतात. नाण्यावरील अक्षरांना लेख, चित्राभोवतीच्या सपाट मोकळ्या जागेला मैदान किंवा क्षेत्र. चित्राच्या पायाशी आडवी रेघ मारून वेगळी काढलेली जागा बहुधा वर्षासाठी असते. किनार आणि कड यांत नवशिके हमखास गोंधळतात. किनार म्हणजे नाण्याच्या तोंडावरचा उचललेला गोल काठ; कड म्हणजे नाणे उभे धरल्यावर दिसणारी जाडी. चांदी-सोन्याची नाणी कडेने कातरून धातू चोरण्याचा धंदा एकेकाळी जोरात होता. त्यावरचा उपाय म्हणजे दातेरी कड किंवा कडेवरचा लेख. इंग्लंडच्या नाण्यांवर 1662 पासून ‘डेकुस एत तुतामेन’, म्हणजे ‘शोभा आणि संरक्षण’, अशी अक्षरे कडेवर येऊ लागली. हे श्रेय पुष्कळदा आयझॅक न्यूटनला दिले जाते, पण तो टाकसाळीत आला 1696 मध्ये.

टाकसाळीची खूण हे एखादे अक्षर किंवा बारीकसे चिन्ह असते. अमेरिकेत डेन्व्हरचा ‘डी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर मात्र बराच काळ काहीच नसे, म्हणजे खूण नसणे हीच खूण. एकाच वर्षाची, एकाच चित्राची दोन नाणी या अक्षरामुळे वेगळ्या दर्जाची ठरू शकतात.

सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा शब्द ‘प्रूफ’. लोक तो ‘अगदी उत्तम स्थितीतले’ या अर्थाने वापरतात. प्रूफ ही स्थिती नव्हे, घडवण्याची पद्धत आहे : घासून चकचकीत केलेले ठसे, तशाच चकत्या, आणि एकापेक्षा जास्त दाब. मैदान आरशासारखे आणि चित्र दुधाळ दिसते ते यामुळे. प्रूफ नाणे खिशात घालून झिजवले तरी ते प्रूफच, फक्त खराब झालेले. साध्या नाण्याची स्थिती सांगायला ‘अप्रचलित’ (चलनात न फिरलेले), ‘अत्युत्तम’, ‘उत्तम’ अशा पायऱ्या आहेत. आकड्यांची 1 ते 70 ही मोजपट्टी विल्यम शेल्डन याने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. आज ती सर्रास वापरली जाते. 60 आणि त्यापुढचे सारे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी.

चुकांचे शब्द या परिभाषेतले खरे वैभव. चकती नीट न बसता ठसा बाजूला उमटला तर ते ‘सरकलेले’ नाणे. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटली तर ‘ब्रॉकेज’. एकमेकांचे नसलेले दोन ठसे जुळवले गेले तर ‘म्यूल’, म्हणजे खेचर. ब्रिटनमध्ये 2008 मध्ये 20 पेन्सच्या नाण्याचे चित्र बदलले आणि वर्ष मागच्या बाजूवरून पुढे हलवले. त्यात काही नाण्यांना जुनी पुढची बाजू आणि नवी मागची बाजू मिळाली. परिणामी त्यांवर वर्षच नाही.

चूक आणि पुनर्मुद्रण या गोष्टी निराळ्या. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिचा थालर (चांदीचे मोठे नाणे) तिच्या मृत्यूनंतरही व्यापारासाठी पाडला जात राहिला आणि त्यावर वर्ष मात्र 1780 च. अशा नाण्यावरचे साल हा पाडल्याच्या वेळेचा पुरावा नसतो.

काळाने चढलेल्या रंगथराला ‘पॅटिना’ म्हणतात आणि संग्राहक त्याला जपतात. नाणे लखलखीत दिसावे म्हणून घासणे हा या छंदातला सर्वांत सामान्य गुन्हा आहे. ‘साफ केलेले’ हा शेरा एकदा सूचीत पडला की तो पुसता येत नाही.

तिकिटाचे शब्द

पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, ब्रिटनचे पेनी ब्लॅक, 6 मे 1840 पासून लागू झाले. त्याला कडेची भोके नव्हती. 240 तिकिटांच्या छापील तावातून ते कात्रीने कापून घ्यावे लागे. अशा तिकिटांना बिनछिद्री म्हणतात आणि त्यांत चारही बाजूंना किती कागद उरला आहे यावर सगळे अवलंबून असते. छिद्री तिकिटांत मोजले जाते ते छिद्रमान : 2 सेंटिमीटर लांबीत किती भोके बसतात तो आकडा. ही पद्धत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी 1860 च्या दशकात रूढ केली.

पेनी ब्लॅकवर लाल शाईचा शिक्का मारत. काळ्यावर लाल नीट दिसेना, शिवाय तो धुऊन तिकीट परत वापरता येई. म्हणून 1841 मध्ये तिकीट लाल झाले आणि शिक्का काळा. शिक्क्याला एवढे महत्त्व का, ते यातून कळते. तिकिटावरून निम्मा पाकिटावर उतरलेला शिक्का तिकीट त्याच पाकिटावर होते याची साक्ष देतो, म्हणून जाणकार असे पाकीट भिजवून तिकीट सुटे करत नाहीत. याउलट टपालातून कधीच न गेलेले, विक्रीसाठीच शिक्का मारून दिलेले तिकीट ‘हुकमी शिक्क्याचे’ म्हणता येईल. त्याच्या मागचा डिंक पुष्कळदा शाबूत असतो, आणि तेवढ्यावरून ते ओळखू येते.

जुन्या तिकिटावर नंतर छापलेला मजकूर म्हणजे अधिछपाई. त्याने किंमत बदलली तर ते वेगळे प्रकरण. 1923 च्या जर्मनीत महागाई इतकी धावत होती की छापून ठेवलेल्या तिकिटांवर आधी लाखांचे आणि मग अब्जांचे आकडे मारावे लागले. शेजारच्या तिकिटाच्या मानाने उलटे छापलेल्या जोडीला ‘तेत-बेश’ आणि वेगवेगळी चित्रे एकत्र असलेल्या जोडीला ‘से-तेनां’ म्हणतात. दोन्ही नावे फ्रेंच. उलटछाप हा तिसराच प्रकार : दोन रंग दोन वेळा छापायचे आणि मधल्या वेळी कागद फिरायचा. 1918 च्या अमेरिकी विमान तिकिटात, ‘इन्व्हर्टेड जेनी’त, विमान उताणे पडले ते असे. विक्रीला गेलेला 100 तिकिटांचा एकच ताव आजवर सापडला आहे.

तिकीट चिकटवायच्या छोट्या कागदी बिजागरीला हिंज म्हणतात. ती लावली की मागच्या डिंकावर खूण उरते, म्हणून ‘कधीही हिंज न लावलेले’ असा शेरा सूचीत मिरवला जातो. अल्बममध्ये न दिसणाऱ्या बाजूवर एवढी किंमत ठरावी हे विचित्रच, पण त्यामुळेच नवा डिंक लावणारे कारागीर निर्माण झाले. त्यांच्या कामाला ‘फेरडिंक’ म्हणता येईल. खऱ्या वस्तूत केलेला असा फेरफार आणि मुळातच बनावट वस्तू यांत जाणकार फरक करतात.

दुर्मीळ तिकिटांच्या नकला करणारा झां द स्पेराती मात्र या दोन्हींच्या मधल्या रेषेवर काम करी. स्वस्त पण अस्सल जुन्या तिकिटावरची छपाई तो उडवी आणि त्याच कागदावर दुर्मीळ तिकीट छापी. त्यामुळे कागद खरा आणि कधीकधी शिक्काही खरा. 1942 मध्ये फ्रान्सच्या कस्टम्सने त्याचे पार्सल अडवले तेव्हा तज्ज्ञांनी ती तिकिटे अस्सल ठरवली आणि ती आपण बनवली हे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावरच आली. त्याच्या नकला आता ‘स्पेराती’ याच नावाने स्वतंत्रपणे जमवल्या जातात.