सोळा व्होल्टवर दोन वर्षं

खानापूरकडच्या एका मामांनी झटका मशीनचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, आणून टेबलावर ठेवलं. उसात रानडुकरं शिरतात म्हणून तारेला लावलेलं मशीन. "दोन वर्षं चालत होतं की ओ, आजच काय झालंय त्याला?"

कार्डावर तुरीच्या दाण्याएवढा एक आयसी (चिप) होता, एलएम १११७ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर. बॅटरीचे बारा-तेरा व्होल्ट घ्यायचे आणि मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मुख्य चिपला, नेमके पाच द्यायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या पाठीवर बारीक फोड आला होता.

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, या आयसीसाठी दोन आकडे असतात. १५ व्होल्टपर्यंत कंपनी कामाची हमी देते. २० ही जीव वाचण्याची हद्द. मधल्या पट्ट्यात तो बहुधा चालतो, पण हमी कुणाचीच नाही. मामांचं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरशिवाय (बॅटरी भरली की चार्जिंग आवरणारा डबा), नुसत्या डायोडमधून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, बॅटरीला जोडलेलं. भर दुपारी बॅटरी भरली की व्होल्टेज सोळापर्यंत जात असणार. दोन वर्षं आयसी त्याच पट्ट्यात होता.

तिथे आधी छळते ती उष्णता. असा रेग्युलेटर जादा व्होल्ट नुसते जाळून टाकतो. १०० मिलिअँपिअर प्रवाहाला १३ व्होल्टवर ०.८ वॉट, १६ वर १.१ वॉट. एका वॉटला आयसी साधारण ६० अंशांनी तापतो. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत आधीच ४५ अंश धरले, तर आतला सिलिकॉन ११० च्या पुढे गेला. त्याची मर्यादा १२५. फार तापला तर तो स्वतःच बंद पडून स्वतःला वाचवतो. जादा व्होल्टेजवर मात्र त्याच्याकडे असा उपाय नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट गंज साचला होता, असं मामा बोलता बोलता म्हणाले, आणि कोडं सुटलं. बारा व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनल मोकळं असताना २१ व्होल्टच्या पुढे जातं. बॅटरी त्याला खाली दाबून धरते. गंजाने टर्मिनलचा जोड सुटला आणि दाबही सुटला. त्यात थंडी. तापमान उतरेल तसं सिलिकॉनचं पॅनल दर अंशाला सुमारे ०.३ टक्के जास्त व्होल्टेज देतं. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी दहा-बारा अंशांवर ऊन पडलं की बावीस व्होल्ट सहज.

एवढ्या ताणाखाली आयसीतल्या ट्रान्झिस्टरच्या सांध्यातला एक इलेक्ट्रॉन जोरात धावून दुसऱ्याला सुटा करतो, ते दोघे आणखी दोघांना, आणि क्षणात प्रवाहाचा लोंढा होतो. सांधा वितळून आरपार जोडला जातो. मग पॅनलचं व्होल्टेज थेट मायक्रोकंट्रोलरवर. तोही गेला होता.

मी ४० व्होल्ट सोसणारं एलएम २५९६ चं मॉड्यूल त्या आयसीच्या जागी बसवलं आणि चार्ज कंट्रोलर घ्यायला सांगितलं. मामांनी आधी त्याची किंमत विचारली.